बाद फेरी आणि तिचे उमेदवार

रणजी करंडकाच्या साखळी सामन्यांची मुदत संपून बाद फेरीचा कार्यक्रम जाहीर होतो, तेव्हा बहुधा थंडीचा अंमल ओसरू लागलेला असतो. आणि मुंबईच्या ज्या वस्त्यांतून या संघाविषयीचा जिव्हाळा वडिलांकडून मुलांकडे वारशाने चालत आला आहे, त्या वस्त्यांतील जाणत्या मंडळींच्या वृत्तपत्र वाचण्याच्या रीतीत याच सुमारास एक सूक्ष्म पालट घडून येतो. एरवी शतकवीराचे नाव वाचून पान उलटणारा वाचक आता सहाव्या क्रमांकाखालची नावे वाचतो, राखीव खेळाडूंची यादी न्याहाळतो, आणि एखादे अपरिचित नाव आढळलेच तर ते यापूर्वी कोणत्या शालेय अथवा तेवीस वर्षांखालील सामन्याच्या वृत्तांतात आले होते, याचा मनातल्या मनात तपास सुरू करतो. आवडत्या संघाचा पाठपुरावा करण्याची ही जी पद्धत, तिचे स्वरूप या प्रकरणात विशद करावयाचे आहे.

भायखळ्याच्या पूर्वेस आणि रे रोड व कॉटन ग्रीन या हार्बर मार्गावरील स्थानकांच्या पश्चिमेस वसलेले घोडपदेव हे या पद्धतीचे एक जुने आणि इमानी ठाणे होय. गोदी, गिरण्या आणि रेल्वेचे कारखाने यांच्या शेजारात वाढलेल्या या वस्तीत कोकणातून व घाटावरून आलेल्या कामगारांनी संसार थाटले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचा कारभार आटोपत गेला, आणि आज रामभाऊ भोगले मार्गावर न्यू हिंद मिलच्या जमिनीवर म्हाडाने गिरणी कामगारांसाठी बांधलेल्या उंच इमारती उभ्या आहेत. या वस्तीचा घरचा खेळ कबड्डी, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. परंतु दोन चाळींमधील अरुंद बोळात टेनिसच्या चेंडूने अंडरआर्म खेळताना, ‘वन टप्पा आउट’ आणि खिडकीत चेंडू गेला की बाद, अशा कडक कायद्याखाली ज्यांचे बालपण गेले, त्यांना फलंदाजाने चेंडू जमिनीलगत ठेवण्याचे मोल कोणी निराळे शिकवावे लागत नाही. मुंबईच्या फलंदाजीला सारे हिंदुस्थान ज्या गुणासाठी ‘खडूस’ म्हणते, तो हट्टी, काटकसरी, विकेट न फेकणारा स्वभाव या वस्तीला आपलाच वाटतो, यात नवल नाही.

प्रथम बाद फेरीचे नियम ध्यानी घेतले पाहिजेत, कारण त्यांच्यावाचून तिच्यातील खेळ्यांची किंमत ठरत नाही. रणजी स्पर्धेचा प्रारंभ १९३४ साली झाला; पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांनी करंडक दिला, आणि पहिलेच विजेतेपद मुंबईने पटकाविले. आजच्या व्यवस्थेत वरच्या श्रेणीतील ३२ संघ चार गटांत विभागलेले असतात, आणि प्रत्येक गटातील पहिले दोन उपांत्यपूर्व फेरीत जातात. साखळीतील सामना चार दिवसांचा, बाद फेरीतील पाच दिवसांचा. साखळीत निर्विवाद विजयाला सहा गुण आणि अनिर्णित सामन्यात पहिल्या डावाच्या आघाडीला तीन गुण असा हिशेब असल्यामुळे एका दिवशी गमावलेले पुढच्या आठवड्यात भरून काढता येते. बाद फेरीत मात्र ही उधारी बंद होते, आणि सामना पूर्ण न झाल्यास पहिल्या डावातील आघाडी हाच अखेरचा फैसला ठरतो. एप्रिल २००० मध्ये वानखेडेवर झालेला तामिळनाडूविरुद्धचा उपांत्य सामना याचा उत्तम दाखला आहे: तामिळनाडूने ४८५ धावा केल्या, मुंबईने ४९०, आणि त्या पाच धावांच्या अल्पशा फरकामागे तळाच्या सहकाऱ्यांना हाताशी धरून सचिन तेंडुलकरने काढलेल्या नाबाद २३३ धावा उभ्या होत्या.

परंतु बाद फेरीत असा थोर खेळाडू उपलब्ध असणे हा योगायोग समजावा. नित्याचा अनुभव याच्या उलट आहे. कसोटी सामन्यांचा हंगाम आणि रणजीचा हंगाम एकमेकांवर येतात, राष्ट्रीय संघाचे बोलावणे येते, कोणी दुखापतीने जायबंदी होतो. आणि ज्या संघाला वर्षातील सर्वांत कठीण परीक्षा द्यावयाची असते, त्याच संघाच्या काही जागा नेमक्या त्या वेळी रिकाम्या पडतात. या रिकाम्या जागांवर जे तरुण तैनात केले जातात, तेच बाद फेरीचे उमेदवार. दुर्बळ संघाच्या दृष्टीने ही आपत्ती ठरते. मुंबईने मात्र तिचे अनेक वेळा सुदैवात रूपांतर केले आहे, आणि त्याचे कारण शाळेच्या मैदानापासून वर चढत जाणाऱ्या तिच्या क्रिकेटव्यवस्थेत शोधले पाहिजे.

हॅरिस आणि गाइल्स या शालेय ढाली, पावसाळ्यात ओल्या व लबाड खेळपट्टीवर खेळली जाणारी आणि १९४८ पासून चालत आलेली कांगा लीग, कचेऱ्या व कारखाने यांच्या संघांची टाइम्स ढाल, त्यानंतर वयोगटांचे संघ, एकोणीस वर्षांखालील मुलांची कूचबिहार आणि तेवीस वर्षांखालील तरुणांची सी. के. नायडू स्पर्धा, अशा पायऱ्या चढून मुलगा रणजीच्या उंबरठ्यावर येतो, तेव्हा त्याच्या नावाची नोंद मुंबईच्या चोखंदळ वाचकाच्या दप्तरी निदान पाच-सात वर्षे झालेली असते. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमाच्या तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी हॅरिस ढालीच्या उपांत्य सामन्यात ६६४ धावांची अखंड भागी रचली, ती साऱ्या देशाला ठाऊक आहे. परंतु त्या दिवशी पुढच्या क्रमांकाचा एक मुलगा पॅड बांधून बसून राहिला, आणि त्याच्या हाती बॅट येण्याची वेळच आली नाही, हे ज्यांनी ध्यानात ठेवले, त्यांना सहा वर्षांनी त्या स्मरणाचे फळ मिळाले. तो मुलगा अमोल मुझुमदार. १९९३-९४ च्या हंगामात हरियाणाविरुद्ध फरीदाबादला झालेल्या उपांत्यपूर्व फेरीआधीच्या बाद सामन्यात त्याने पदार्पण केले आणि २६० धावा काढल्या. प्रथम श्रेणीच्या पदार्पणात जगात तोवर कोणी इतक्या धावा केल्या नव्हत्या.

या ठिकाणी थोडे थांबणे अगत्याचे आहे, कारण मुझुमदारची हकीकत उमेदवारांच्या संपूर्ण विषयावर प्रकाश टाकते. त्याने प्रथम श्रेणीत ११ हजारांहून अधिक धावा केल्या, ३० शतके झळकाविली, आणि तरीही भारताच्या संघात त्याला एकदाही स्थान मिळाले नाही. ज्या कालखंडात तो खेळला त्या कालखंडात मधल्या फळीच्या जागा द्रविड, तेंडुलकर, गांगुली आणि लक्ष्मण यांनी व्यापलेल्या होत्या. त्याच्याही आधी पद्माकर शिवलकरांच्या वाट्याला हेच आले होते. १९७२-७३ चा अंतिम सामना मद्रासच्या चेपॉक मैदानावर फिरकीला अतिशय अनुकूल अशा खेळपट्टीवर झाला. मुंबईच्या धावा १५१ आणि ११३, तामिळनाडूच्या ८० आणि ६१. शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत आठ आणि दुसऱ्यात १८ धावांत पाच बळी घेतले, दुसऱ्या डावात एकनाथ सोलकरने २३ धावांत पाच जण बाद केले, आणि तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर सामन्याचा निकाल लागला. मुंबईचे ते लागोपाठ पंधरावे विजेतेपद. प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेणारे शिवलकर डावखुऱ्या बिशनसिंग बेदींच्या काळात जन्मले, म्हणून कसोटीविना राहिले. बाद फेरीतील पराक्रम म्हणजे वरच्या दरबारात प्रवेश मिळण्याची सनद, असा जो समज नवख्या वाचकांत दृढ असतो, तो या दोन उदाहरणांनी कायमचा दूर व्हावा. मुंबईच्या संघावर प्रेम करणाऱ्याने आपल्या खेळाडूची थोरवी दिल्लीच्या मान्यतेवर अवलंबून ठेवू नये, असे माझे निश्चित मत आहे. शिवलकर मुंबईसाठी जे होते ते कसोटी न खेळताही पूर्णच होते.

आता अलीकडील उमेदवारांकडे वळू. जानेवारी २०१७ मध्ये राजकोटला तामिळनाडूविरुद्धच्या उपांत्य सामन्यात मुंबईने सतरा वर्षांच्या पृथ्वी शॉला पदार्पणाची संधी दिली. शालेय सामन्यात ५४६ धावांचा डोंगर रचणारा हा मुलगा २०१३ पासून सर्वांच्या ओठांवर होता, परंतु शाळकरी गोलंदाजीवरच्या धावा आणि पाचव्या दिवशी चौथ्या डावात २५१ धावांचा पाठलाग यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. त्याने दुसऱ्या डावात १२० धावा काढून ते अंतर एका दिवसात ओलांडले. पुढचा अंतिम सामना गुजरातने जिंकला आणि आपले पहिले विजेतेपद मिळविले. आणि शॉ पुढे भारताकडून कसोटी खेळून, अनेक चढउतार पाहून, २०२५ मध्ये मुंबई सोडून महाराष्ट्राच्या संघात गेला. तो जेथे असेल तेथे त्याने भरपूर धावा कराव्यात, अशीच त्याला राजकोटपासून ओळखणाऱ्यांची इच्छा असणार.

जून २०२२ चा प्रसंग याहून निराळा. उत्तराखंडविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात अजिंक्य रहाणे जायबंदी असल्यामुळे सुवेद पारकर या तरुणाला पदार्पण लाभले, आणि त्याने २५२ धावा केल्या. त्या वेळी मुंबईचा प्रशिक्षक होता अमोल मुझुमदार, ज्याने अठ्ठावीस वर्षांपूर्वी बाद फेरीतच पदार्पणात २६० काढल्या होत्या. मुंबईने तो सामना ७२५ धावांनी जिंकला, आणि प्रथम श्रेणीच्या इतिहासात धावांच्या फरकाने एवढा मोठा विजय कोणीही मिळविलेला नव्हता. त्याच बाद फेरीत यशस्वी जयस्वालने उत्तराखंडविरुद्ध १०३ आणि उत्तर प्रदेशविरुद्धच्या उपांत्य सामन्यात १०० व १८१ अशी ओळीने तीन शतके काढली. दोघांचेही आकडे थोरच. तथापि अंतिम सामन्यात मध्य प्रदेशाने मुंबईला सहा गडी राखून हरविले. जयस्वाल वर्षभरात कसोटीपटू झाला, आणि पारकरला पुढील हंगामांत संघातील जागेसाठी झगडावे लागले.

या भेदातूनच पाठपुराव्याचे मुख्य सूत्र हाती येते. उमेदवाराची परीक्षा करताना त्याच्या धावा किती, हा प्रश्न दुय्यम होय. त्या कोणत्या वेळी झाल्या, तो क्रीडांगणात उतरला तेव्हा फलकावर काय होते, समोरचा गोलंदाज ताजा होता की थकलेला, आणि तो बाद झाला असता तर सामना कोणाकडे झुकला असता, हे प्रश्न मुख्य होत. ७२५ धावांनी जिंकलेल्या सामन्यातील द्विशतकात विलक्षण एकाग्रता असते, हे मान्य करूनही मी असे म्हणेन की २००६-०७ च्या हंगामातील बडोद्याविरुद्धच्या उपांत्य सामन्यात मुंबईच्या दुसऱ्या डावातील पहिले पाच गडी एकही धाव झालेली नसताना तंबूत परतले, त्यानंतर खालच्या फळीने ज्या थोड्या धावा जमविल्या, त्यांचे वजन त्या द्विशतकाहून अधिक भरते. हंगामाच्या प्रारंभी पहिले तिन्ही सामने गमावलेला मुंबईचा संघ त्या धावांच्या आधाराने अंतिम फेरीत गेला, आणि कर्णधार मुझुमदारच्या हाती करंडक आला.

या सूत्राने पाहता अलीकडच्या काळातील सर्वांत समृद्ध बाद फेरी २०२४ ची. तिचा आरंभ वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर बडोद्याविरुद्ध झाला. एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात दोन शतके काढून दक्षिण आफ्रिकेहून नुकताच परतलेला मुशीर खान रणजीत त्यापूर्वी फारसा चमकला नव्हता. त्याने नाबाद २०३ धावा केल्या. परंतु खरे आश्चर्य दुसऱ्या डावात घडले. ३३७ धावांवर नववा गडी बाद झाल्यानंतर दहाव्या क्रमांकाचा तनुष कोटियन आणि अकराव्या क्रमांकाचा तुषार देशपांडे यांनी २३२ धावांची भागी केली. कोटियन नाबाद १२०, देशपांडे १२३. दहावा आणि अकरावा, दोघांनीही एकाच डावात शतके काढल्याचे प्रथम श्रेणीच्या इतिहासात त्यापूर्वी एकदाच घडले होते, आणि तेही हिंदी खेळाडूंच्याच हातून: १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात ओव्हल मैदानावर सरे परगण्याविरुद्ध चंदू सरवटे नाबाद १२४ आणि शुटे बॅनर्जी १२१. रणजीतील शेवटच्या गड्याच्या भागीचा विक्रम, जो दिल्लीच्या अजय शर्मा व मनिंदरसिंग यांनी मुंबईविरुद्धच रचला होता, तो केवळ एका धावेने वाचला.

उपांत्य सामन्यात तामिळनाडूच्या १४६ धावांना उत्तर देताना मुंबईचे सात गडी १०६ धावांत बाद झाले होते. तेथून पालघरच्या शार्दूल ठाकूरने १०९ धावा काढून आपले पहिले प्रथम श्रेणी शतक साजरे केले, कोटियन ८९ धावांवर नाबाद राहिला, आणि जो सामना निसटू पाहत होता तो मुंबईने एक डाव ७० धावांनी जिंकला. अंतिम सामना वानखेडेवर, प्रतिस्पर्धी विदर्भ. मुशीरने दुसऱ्या डावात १३६ धावा केल्या. रणजीच्या अंतिम सामन्यात शतक काढणारा मुंबईचा सर्वांत तरुण फलंदाज हा तोवर तेंडुलकरच्या नावे असलेला मान एकोणीस वर्षांच्या या मुलाकडे आला. ५३८ धावांच्या अशक्यप्राय उद्दिष्टापुढे विदर्भाच्या कर्णधाराने, अक्षय वाडकरने, शतक ठोकले आणि त्या संघाने ३६८ पर्यंत मजल मारली. अखेरचा बळी घेतला तो निवृत्तीची घोषणा करून शेवटचा सामना खेळणाऱ्या धवल कुलकर्णीने. स्पर्धेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला तनुष कोटियन. हे मुंबईचे ४२ वे विजेतेपद.

मुशीरचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे, कारण पाठपुरावा विजयाच्या दिवशी संपत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात दुलीप करंडकात १८१ धावांची खेळी करून तो इराणी करंडकाच्या सामन्यासाठी लखनौकडे निघाला असता मोटारीला अपघात झाला, मानेला इजा झाली, आणि बहराच्या ऐन प्रारंभी कित्येक महिने तो मैदानाबाहेर राहिला. अशा काळात उमेदवाराचे नाव वृत्तपत्रांतून नाहीसे होते. ज्याला ते तेव्हाही आठवते, तो त्या संघाचा खरा माणूस.

पराभवाचा अभ्यासही याच कर्तव्याचा भाग आहे. मे १९९१ मध्ये वानखेडेवर हरियाणाविरुद्धच्या अंतिम सामन्यात ३५५ धावांचा पाठलाग करताना नुकतीच अठरा वर्षे पूर्ण झालेल्या तेंडुलकरने ७५ चेंडूंत ९६ धावा फटकाविल्या, दिलीप वेंगसरकर १३९ धावांवर नाबाद राहिले, अखेरचा गडी अॅबी कुरुविल्ला धावबाद झाला आणि मुंबई दोन धावांनी हरली. वेंगसरकरांचे त्या दिवशीचे अश्रू लपले नाहीत, आणि ते लपविण्याचे कारणही नव्हते. फेब्रुवारी २०२५ मध्ये नागपूरला विदर्भाने उपांत्य सामन्यात मुंबईला ८० धावांनी हरविले, तेव्हा पार्थ रेखडे या अपरिचित डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे यांना बाद केले; म्हणजे त्या दिवशी उमेदवार समोरच्या बाजूला होता. विदर्भाने पुढे केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर आपले तिसरे विजेतेपद मिळविले, आणि त्यांच्या हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम प्रस्थापित केला. मुंबईकराने या तरुणांचीही नावे आपल्या वहीत लिहून ठेवावीत. ते आपल्याच राज्यातले, आपल्याच भाषेच्या मुलुखातले आहेत, आणि त्यांची पुन्हा गाठ पडणारच आहे.

आणखी एक गोष्ट घोडपदेवसारख्या वस्तीतून विशेष स्पष्ट दिसते. एके काळी मुंबईचा संघ म्हणजे मुख्यतः दादर, शिवाजी पार्क, गिरगाव आणि मरीन लाइन्सचा परिसर; सोलकर तर हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्याचा मुलगा. आज ठाकूर पालघरचा, देशपांडे कल्याणचा, आयुष म्हात्रे विरारचा. गिरण्या बंद पडल्या, कंपन्यांनी खेळाडूंना नोकरीत ठेवण्याची चाल आखडती घेतली, आणि जुन्या चाळींतील कुटुंबे लोकलच्या मार्गाने उत्तरेकडे व पूर्वेकडे सरकत गेली. त्यांच्याबरोबर क्रिकेटही गेले. मुंबईच्या क्रिकेटच्या ऱ्हासाची भाषा काही जुनी मंडळी बोलतात, तिच्याशी मी सहमत नाही. पहाटेच्या गाडीत किटबॅग घेऊन उभ्याने प्रवास करणारा विरारचा मुलगा त्याच परंपरेचा वारस आहे, आणि त्याची जिद्द मैदानालगत राहणाऱ्या मुलापेक्षा अणुमात्र कमी नाही.

तेव्हा वाचकास एवढीच विनंती की, पुढील बाद फेरीचा सामना मुंबईत असेल त्या वर्षी त्याने निदान एक दिवस काढून प्रत्यक्ष मैदानावर जावे. घोडपदेवहून निघणाऱ्याने रे रोडला गाडी पकडून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरावे आणि वानखेडेकडे चालू लागावे. वाटेत आझाद मैदान लागते, तेथे एकाच वेळी अनेक खेळपट्ट्यांवर मुलांचे सामने चाललेले असतात. अर्धा तास तेथे थांबून पाहावे, धावफलक लिहिणाऱ्याला दोन-चार नावे विचारून टिपून घ्यावीत, आणि मगच पुढे जावे.